नखाएवढी कातडी

तंगूस एकाएकी सैल पडला. मी रीळ भराभर फिरवून आमिष बोटीपर्यंत ओढून आणले आणि उचलून पाहिले, तेव्हा मागच्या तीन काट्यांच्या गळाच्या एका टोकाला नखाएवढी, पातळ, जवळजवळ पारदर्शक कातडी अडकलेली होती. बास माशाच्या जबड्याच्या कोपऱ्यात, वरचा आणि खालचा ओठ जिथे मिळतात तिथे, तोंड उघडले की छत्रीच्या कापडासारखा ताणला जाणारा एक पडदा असतो. त्याचा तो तुकडा होता. मे महिन्यातला शेवटचा शनिवार, सकाळचे साडेसहा. अमेरिकेच्या टेनेसी राज्यातल्या चिकमॉगा जलाशयात हायवासी नदी जिथे टेनेसी नदीला मिळते, त्याच्या थोडे खालच्या अंगाला आम्ही बोट उभी केली होती. पाण्यावरचे धुके अजून पुरते उठले नव्हते. मासा बोटीपासून तीसेक फुटांवर अर्धा बाहेर आला, त्याने जबडा पूर्ण उघडून डोके दोनदा हलवले, आमिषाच्या पोटावर गळाच्या कड्या वाजल्याचा बारीक आवाज मला स्पष्ट ऐकू आला आणि मग काहीच उरले नाही. बोट ज्याची होती तो माझा कारखान्यातला सहकारी, याच खोऱ्यात जन्मलेला. तो काही बोलला नाही. त्याने माझ्याकडे पाहिलेही नाही, त्याने माझ्या काठीकडे पाहिले.

काठी चांगली होती, हेच तर दुखणे होते.

दोन वर्षांपूर्वी, म्हणजे या छंदात पुरता बुडण्याच्या सुरुवातीला, मी ती हौसेने घेतली होती. सात फूट लांब, कार्बनची, हातात पिसासारखी हलकी, आणि शेंड्याचा वीतभर भाग सोडला तर बाकी सगळी ताठ. तळाशी रबरी किडा लावून हळूहळू सरपटवताना माशाने त्याला नुसते हुंगले तरी मुठीपर्यंत टिचकी पोहोचायची. त्या कामासाठी ती उत्तमच होती आणि आजही आहे. माझी चूक अशी की मी ती सगळ्याच कामांसाठी उत्तम धरली. महाग वस्तू सर्वगुणसंपन्न असते ही समजूत, एकेका डॉलरला रुपयात गुणून पाहणाऱ्या माणसाच्या मनात फार खोलवर बसलेली असते. एवढे पैसे मोजल्यावर पुन्हा दुसरी काठी घ्यावी लागेल, हे त्याला पटतच नाही.

खोल जाणारे क्रँकबेट हा मुळात जरा दांडगट प्रकार आहे. प्लास्टिकचा किंवा बाल्सा लाकडाचा फुगीर मासा, त्याच्या जबड्याखालून पुढे आलेला चमच्यासारखा लांब रुंद ओठ, आणि पोटाला व शेपटीला एकेक तीन काट्यांचा गळ. पाण्यात नुसते सोडले तर ते तरंगते. ओढू लागले की पाण्याचा दाब त्या ओठावर पडतो, ते नाक खाली करून, अंग घुसळत खाली खाली जाते. माझ्या मित्राचे आवडते, स्ट्राइक किंग कंपनीचे 'सिक्स एक्सडी' औंसभर वजनाचे असते आणि एकोणीस फुटांपर्यंत पोहोचते. रापालाच्या 'डीटी' मालिकेत तर नावापुढचा आकडाच खोली सांगतो, सोळा म्हणजे सोळा फूट, वीस म्हणजे वीस. अर्थात हे आकडे फुकट मिळत नाहीत. आमिष फेकल्या जागी लगेच तळ गाठत नाही. ते तिरपे उतरत जाते, मधल्या टप्प्यात तळाशी राहते आणि बोटीजवळ येऊ लागले की पुन्हा वर चढते. म्हणून फेक जितकी लांब, तितका तळाशी घालवलेला वेळ जास्त. तंगूस जितका बारीक, तितका पाण्याचा अडसर कमी आणि खोली जास्त. दहा-बारा पाउंडांचा ताण सोसणाऱ्या बारीक फ्लुरोकार्बनच्या तंगुसावर जे आमिष तळाला टेकते, तेच जाड तंगुसावर अधांतरी पोहत राहते. पॉल एलायस नावाच्या मच्छीमाराने १९८२ साली अलाबामा नदीवर बासमास्टर क्लासिक ही बास पकडण्याची मोठी स्पर्धा जिंकली, ती बोटीत गुडघे टेकून आणि काठीचा शेंडा पाण्यात खुपसून, एवढ्याचसाठी की आमिष आणखी थोडे खाली जावे. थोड्या फुटांसाठी गुडघे टेकणारा माणूस तेव्हा इतरांना कसा दिसला असेल, याचा मी अनेकदा विचार केला आहे.

आता या सगळ्यात काठीने काय करायचे? माझ्या ताठ काठीने जे केले ते उलटे होते. मासा मागून येऊन आमिष तोंडात ओढून घेतो, त्या क्षणी काठीने थोडे नमते घ्यायला हवे, म्हणजे आमिष त्याच्या तोंडात आत जाईल. ताठ काठी नमत नाही, ती आमिष त्याच्या तोंडातून काढूनच घेते आणि गळ आत रुतण्याऐवजी ओठाच्या कडेला ओझरता लागतो. त्यात मला रबरी किड्याची सवय, म्हणून टिचकी लागताच मी दोन्ही हातांनी हिसका दिला. तीन काट्यांच्या गळाची टोके बारीक असतात. त्यांना हिसका लागत नाही, नुसता सतत ताण लागतो. मग मासा डोके हलवू लागला की औंसभराचे ते आमिष त्याच्या हातात, म्हणजे तोंडात, दिलेल्या हातोड्यासारखे होते. प्रत्येक झटक्याला काठी वाकून तो धक्का पचवत नसेल तर तो सगळा त्या नखाएवढ्या कातडीवर पडतो. कातडी किती सोसणार?

आणि हे मला कळू नये, याची लाज जास्त वाटली. मी पोटासाठी गाड्यांच्या सस्पेन्शनवर काम करतो. आधी चाकणला, आता इथे चॅटानूगाला, गेली सोळा वर्षे मी रोज हेच मोजतो आहे, की खड्ड्यात बसलेला धक्का स्प्रिंगने किती घ्यायचा आणि आतल्या माणसाला किती लागू द्यायचा. फार कडक स्प्रिंगची गाडी वळणावर छान वाटते आणि खराब रस्त्यावर माणसाचे मणके मोजते. ऑफिसात हे वाक्य मी नवीन मुलांना किमान वीसदा ऐकवले असेल.

त्या रात्री गावाकडून अण्णांचा फोन आला. त्यांच्याकडे तेव्हा रविवारची सकाळ होती. मासा गेल्याचे मी सांगितले, तर त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "काठी कशाची होती?" मी म्हणालो, "कार्बनची." ते म्हणाले, "म्हंजे कोळशाची?" मी समजावून सांगू लागलो, तेवढ्यात त्यांनी दुसरा प्रश्न विचारला, "घावला असता तर काय करणार होतास?" मी म्हणालो, "वजन करून सोडून दिला असता." फोनवर काही वेळ शांतता पसरली. अण्णांनी उभ्या आयुष्यात गळाला लागलेला मासा सोडलेला नाही. त्यांच्या दृष्टीने माझा सगळा उद्योग म्हणजे शंभर माणसांचा स्वयंपाक करून पंगत न बसवता पातेली धुऊन ठेवण्यासारखा आहे. हे त्यांनी कधी शब्दांत सांगितलेले नाही, पण त्यांचे शब्द न वापरणे मला चांगले ओळखू येते.

अण्णा भीमेकाठचे. उजनीच्या पाण्याखाली गेलेल्या गावांपैकी एक गाव आमचे होते, आणि १९८० मध्ये धरण पूर्ण होण्याच्या कितीतरी आधीच घरे वर माळावर आली होती. माझा जन्म नव्या गावठाणातला, त्यामुळे माझी भीमा म्हणजे समुद्रासारखे पसरलेले उथळ पाणी, भिगवणकडचे रोहित पक्षी, आणि हायवेवरच्या खानावळीतली तळलेली चिलापी. अण्णांची भीमा वेगळी होती, वाहती, उन्हाळ्यात गुडघाभर, डोहात पुरुषभर, काठाला चिंचा असलेली. तिथे ते बारा-तेरा वर्षांचे असताना वेळूच्या काठीने गळ टाकत. त्या काठीची निवड हा मोठा विषय असे. कोवळा वेळू वाकतो पण वाकलेलाच राहतो, जून वेळू ताठ असतो पण मासा मोठा असला तर तडकतो. मग बेटातला दोन-तीन वर्षांचा वेळू, पावसाळा सरल्यावर तोडलेला, सावलीत उलटा टांगून वाळवलेला, आणि शेवटी विस्तवावर फिरवून सरळ केलेला. काठी झाली की तिचा शेंडा जमिनीला टेकवून दाबायचा आणि सोडायचा. झटकन सरळ झाली तर ती शेळ्या वळायला, सावकाश सरळ झाली तर गळाला. शेळ्यांचा भाग मी त्या फोनच्या दिवशी पहिल्यांदा ऐकला. तो त्यांनी ऐन वेळी जोडला असण्याचीही शक्यता आहे, कारण माझी काठी कशासाठी योग्य आहे हे त्यांना सुचवायचे होते.

ज्या पाण्यात माझा मासा गेला, तेही असेच अडवलेले पाणी आहे. या खोऱ्यातली धरणे सांभाळणारी सरकारी संस्था, टेनेसी व्हॅली ऑथॉरिटी, १९३३ मध्ये स्थापन झाली, आणि आपल्याकडचे दामोदर खोरे महामंडळ १९४८ मध्ये उभे राहिले ते तिच्याच नमुन्यावर. चिकमॉगा धरण १९४० मध्ये पूर्ण झाले. शेते गेली, घरे हलली, कबरीसुद्धा उकरून दुसरीकडे नेल्या. त्याआधी शतकभर, १८३८ मध्ये, हायवासीच्या याच मुखाशी असलेल्या ब्लाइथ फेरीच्या उतारावरून चेरोकी लोकांना नदीपार करून कायमचे पश्चिमेकडे हाकलले होते, म्हणजे त्या काठाला उठवले जाण्याची सवय जुनीच. ध्वनिलहरींनी तळ दाखवणाऱ्या सोनारच्या पडद्यावर आज जे दिसते ते मूळ नदीचे पात्र असते. दहा-बारा फुटांवर सपाट पसरलेले जुने शेत, आणि मग एकदम वीस-पंचवीस फुटांवर उतरणारी कडा. इकडचे मच्छीमार तिला 'लेज' म्हणतात. मला ती पहिल्या दिवसापासून थडीच वाटली, बुडालेल्या नदीची थडी. अंडी घालून झाली की मे-जूनमध्ये मोठे बास उथळ पाणी सोडून थव्याने या थडीवर येतात. वीजनिर्मितीसाठी धरणातून पाणी सोडले की बुडालेल्या पात्रात पुन्हा प्रवाह सुरू होतो, शॅड नावाची छोटी मासळी त्याबरोबर वाहत येते, आणि बास प्रवाहाकडे तोंड करून शिंपल्यांच्या थरावर वाट पाहत उभे राहतात. पाणी बंद, की त्यांचे खाणेही बंद. म्हणून इथला मच्छीमार पहाटे उठून हवामान नंतर पाहतो, आधी पाणी किती वाजता सुटणार ते पाहतो. माझ्या गावचा शेतकरी उजनीच्या कालव्याचे आवर्तन पाहतो, तसेच.

मासेही साधे नाहीत. २००० पासून या जलाशयात फ्लोरिडाच्या जातीची पिल्ले सोडली गेली, आणि २०१५ च्या फेब्रुवारीत इथेच राज्याचा विक्रमी लार्जमाउथ बास निघाला, पंधरा पाउंड तीन औंसांचा, म्हणजे जवळजवळ सात किलोंचा. मी गमावलेला तेवढा मुळीच नव्हता. पाच पाउंडांचा असेल, बायकोला सांगताना सहा, अण्णांना सांगताना तीन किलो.

जूनच्या पहिल्या आठवड्यात मी काठी घ्यायला निघालो. मर्यादा शंभर डॉलर, आणि ती मी मोठ्याने जाहीर केली होती, कारण घरात मोठ्याने जाहीर केलेली मर्यादाच पाळली जाते. दुकानात काठ्यांची रांगच्या रांग उभी होती, रसवंतीबाहेर मोळीतले ऊस उभे करावेत तशी. प्रत्येकीच्या मुठीवर बारीक अक्षरांत तिची कुंडली छापलेली असते. लांबी, ताकद, वाक, किती पाउंडांचा तंगूस, किती औंसांचे आमिष. नवशिक्याचा गोंधळ होतो तो ताकद आणि वाक यांत. ताकद म्हणजे काठी वाकवायला किती जोर लागतो ते, आणि वाक म्हणजे ती कुठून वाकते ते. फक्त शेंड्याला वाकणारी ती 'फास्ट', मध्यापासून मुठीकडे कमानीसारखी वाकत येणारी ती 'मॉडरेट'. मला हवी होती बऱ्यापैकी ताकदीची, पण पार पोटातून वाकणारी, पावणेआठ फुटांच्या आसपासची, औंसभराचे आमिष सुखाने पेलणारी. हे चार शब्द ठरल्यावर शंभरेक काठ्यांतून जेमतेम सात उरल्या, आणि त्या सातांपैकी तीन माझ्या खिशाबाहेरच्या होत्या. उरलेल्या चारांत निवडायला मला तीन खेपा लागल्या.

इथे एक गोष्ट मोठी गमतीची आहे. मच्छीमारीच्या दुकानात किंमत वाढते ती साधारणपणे हलकेपणाची आणि ताठपणाची. कार्बनचा तंतू जितका ताठ, तितकी काठी बारीक, हलकी, आणि महाग. नेहमीच्या कार्बनच्या तंतूचा ताठपणा काचेच्या तंतूच्या तिपटीहून जास्त असतो, आणि वजन कमी. पण तुटण्याआधी काचेचा तंतू कार्बनच्या दुप्पटीहून अधिक ताणला जातो, सहन करतो, आणि सावकाश परत येतो. काचेच्या काठ्या दुसऱ्या महायुद्धानंतर आल्या आणि त्यांनी वेळू मागे टाकला. १९७० च्या दशकात कार्बन आला आणि त्याने काच मागे टाकली. तरी खोल क्रँकबेट टाकणाऱ्यांनी काच पुरती सोडली नाही. १९९३ ची बासमास्टर क्लासिक डेव्हिड फ्रिट्सने अलाबामातल्या लोगन मार्टिन तलावावर क्रँकबेटनेच जिंकली, आणि तो अजूनही मऊ, हळू काठ्यांचाच पुरस्कर्ता म्हणून ओळखला जातो. म्हणजे या एका कामापुरती तरी जुनी, जड, मागासलेली मानली गेलेली वस्तूच बरी, आणि योगायोगाने ती स्वस्तही. मला हे कळले तेव्हा आनंद झाला आणि लगेच संशयही आला. गरिबाला परवडते तेच त्याच्यासाठी चांगले, असे सांगणाऱ्या लोकांवर आमच्या घरात पूर्वापार कुणी विश्वास ठेवत नाही.

म्हणून दुसऱ्या खेपेला मी सुतळीचा तुकडा आणि सामान तोलायचा काटा खिशात घालून गेलो. विमानतळावर बॅगेचे वजन पाहायला प्रत्येक परदेशस्थ मराठी घरात असतो तोच, आकड्याचा. बायको माझ्यापासून दोन रांगा दूर, टोप्या पाहत उभी राहिली, आणि तिचे ते दूर राहणे मला आजही पटते. मी सुतळी काठीच्या शेंड्याच्या कडीतून ओवली, दुसरे टोक काट्याला बांधले, काठी तिरपी धरून ओढत गेलो आणि किती वजनाला शेंडा मुठीच्या काटकोनात येतो ते पाहत गेलो. पहिली अगदीच लेचीपेची होती. तळात गळ अडकला तर काय करायचे ते मलाच विचारील अशी. दुसरी मुठीवर 'मॉडरेट' म्हणत होती, पण शेंडा संपल्यावर लोखंडी सळईसारखी थांबली. कागदावर शब्द कुणीही छापू शकतो. तिसरीचा वाक छान होता, पण एका कडीतल्या चिनी मातीच्या रिंगेला बारीक चीर होती. कानात घालायची कापसाची काडी कड्यांतून फिरवून पाहिली तर तिथे कापूस अडकला, म्हणजे तंगूसही तिथेच कापला गेला असता. स्वस्त काठीत पैसे वाचवलेले असतात ते बहुधा कड्यांत, रिळाच्या बैठकीत आणि मुठीच्या फोममध्ये, नळीत, म्हणजे काठीच्या मूळ दांड्यात नव्हे, म्हणून नळी आवडली तरी कड्या मोजून घ्याव्यात. चौथी काच आणि कार्बन मिसळून केलेली, सात फूट दहा इंचांची, मागच्या वर्षीचा माल म्हणून किंमत उतरवलेली, एकोणऐंशी डॉलर. ती एका सुरात वाकली, शेंड्यापासून मुठीपर्यंत कुठेही न अडखळता, आणि सोडल्यावर एक क्षण विचार करून सरळ झाली.

शेळ्या वळायला ती उपयोगाची नव्हती.

तिचे दोष लगेच कळले, आणि ते लपवण्यात अर्थ नाही. ती जड आहे. दिवसभर खोल आमिष ओढणे म्हणजे मुळात विहिरीतून घागरी शेंदण्यासारखे काम, त्यात शेंड्याकडे झुकणारे वजन. पहिल्या दिवशी संध्याकाळी माझ्या मनगटाने पोळी तोडायला नकार दिला. मुठीचा फोम ओल्या हातात घसरतो. लांब असल्यामुळे ती गाडीत डिकीपासून पुढच्या आरशापर्यंत तिरपी येते आणि मुलीच्या डोक्यावरून जाते. शिवाय माझे रीळ तिच्यासाठी चुकीचे निघाले. ते एका फेऱ्यात सात वेळा फिरणारे, किड्यासाठी बरे, पण खोल आमिष ओढताना चढावर चौथ्या गिअरमध्ये गाडी घातल्यासारखे वाटते. मित्राने आपले जुने, एकास पाचचे, रंग उडालेले रीळ "राहू दे तुझ्याकडे" म्हणून दिले आणि मी ते भीड न बाळगता घेतले. सगळ्यात मोठा तोटा म्हणजे तिच्यातून बातमी उशिरा आणि अस्पष्ट येते. जुन्या काठीतून मला एकेक शिंपला मोजता यायचा, हिच्यातून नुसते कळते की खाली काहीतरी खरबरीत आहे. रेडिओचा आवाज शेजारच्या खोलीतून ऐकावा तसे. पण बातमी उशिरा येते म्हणूनच माझा हिसका उशिरा जातो, आणि तोवर माशाने तोंड मिटलेले असते. ही तिची चांगली बाजू आहे की माझ्या उतावळेपणाला मिळालेले कुलूप, हे मला ठरवता आलेले नाही.

जूनच्या तिसऱ्या शनिवारी आम्ही पुन्हा त्याच थडीवर होतो. पाणी सात वाजता सुटणार होते. त्याआधीचा पाऊण तास मी नुसताच फेकत राहिलो. मागे नेताना काठी आमिषाच्या वजनाने वाकते आणि पुढे आणताना ते वजन स्वतःच भिरकावते, त्यात जोर लावायचा नसतो, हे हाताला शिकवावे लागत होते. जोर लावला की रिळावर तंगुसाचे घरटे व्हायचे. पोपटी पोटाचे, निळ्या पाठीचे ते आमिष पंचेचाळीस पावलांवर जाऊन पडायचे आणि मग ती थरथरती ओढ सुरू व्हायची, मुठीत शिवणयंत्र चालू असल्यासारखी. बऱ्याच फेऱ्यांनंतर ते तळाला टेकायचे. खरबर, खरबर, मध्येच एक ठोकर, ठोकर लागली की आमिष बाजूला उसळायचे, पुन्हा खरबर. मासा बहुतेकदा त्या ठोकरीनंतरच्या उसळीलाच घेतो, असे मित्र सांगत होता. सात वाजून गेले. झाडाची एक डहाळी पाण्यावरून हळूहळू सरकू लागली, आणि बोटीची नांगरदोरी ताणली गेली.

टिचकी लागलीच नाही. शिवणयंत्र बंद पडले आणि मुठीत नुसते वजन आले, ओल्या गोणपाटासारखे. माझे हात वर जाण्यासाठी आतून उसळले, आणि मी ते थांबवले असे म्हणणे खोटे होईल. खरे तर मित्र मागून "नको" असे ओरडला. मी फिरवत राहिलो. काठी वाकली, शेंड्यापासून, मध्यापासून, माझ्या हातातल्या फोमपर्यंत. मासा खाली गेला तेव्हा ती त्याच्यामागे गेली, आणि त्याने वर उसळी घेतली तेव्हा ती सरळ होत राहिली, तंगुसाला एक क्षणही सैल न पडू देता. त्याने डोके हलवले. कड्या वाजल्या. काठीचा शेंडा त्याच्या डोक्याबरोबर हलत होता, तो डावीकडे तर डावीकडे, उजवीकडे तर उजवीकडे, जणू त्याचे म्हणणे तिला पटत होते. मित्राने जाळी खाली धरली, मासा तिच्यात घसरला, तंगूस सैल झाला, आणि त्याच क्षणी गळ त्याच्या तोंडातून आपोआप गळून जाळीच्या दोऱ्यांत अडकला. मी जबड्याचा कोपरा बोटाने उघडून पाहिला. पडद्याला एकाच काट्याचे, लांबट झालेले भोक होते, त्यातून पलीकडचे पाणी दिसत होते.

चार पाउंड दोन औंस. जास्त नाही. त्याच्या अंगाला ओल्या मातीचा आणि चिरलेल्या काकडीचा मिळून येतो तसा वास होता. मी त्याला बोटीच्या कडेला पाण्यात धरून ठेवले, त्याचे कल्ले चालू झाले, माझ्या बोटांवर त्याच्या ओठाच्या कानशीसारख्या बारीक दातांची पकड घट्ट झाली आणि तो गेला. मित्राने काठी उचलली, शेंडा छताकडे करावा तसा आभाळाकडे करून एकदा हलवली, किंमत विचारली, आणि मी सांगितल्यावर नुसते "हं" म्हणाला. माणसे 'हं' कशाच्या अर्थाने म्हणतात हे इतक्या वर्षांत इंग्रजीत मला अजून नीट कळत नाही.

अण्णांना फोटो पाठवला. त्यांनी तो दोन दिवस उघडला नाही, कारण त्यांचा चष्मा दुरुस्तीला गेला होता, आणि मग फोन केला. मासा सोडल्याबद्दल ते काहीच बोलले नाहीत. या वर्षी उजनी बरीच खाली गेली होती, पळसदेवच्या पळसनाथाचे देऊळ पाण्याबाहेर आले होते, आणि ते चुलतभावाच्या मोटारसायकलवर मागे बसून ते बघून आले होते. चिखल वाळून भेगाळलेला, पायऱ्यांवर शिंपले, सभामंडपात चिलाप्यांची जाळी वाळत घातलेली. ते सांगत होते आणि मी ऐकत होतो. मग त्यांनी विचारले, "तुझ्या तिथं पाणी किती खोल होतं?"

"वीस फूट असेल."

"आन् आमिष पार खालपोत्तर जातं?"

"जातं. खाली टेकलेलं हाताला कळतं. शिंपले आहेत, मध्येच दगड लागतात."

"दगड नुसतेच हैत का घडीव?"

मी थांबलो. जुन्या काठीतून कदाचित कळले असते, पण ती मी तळाशी किडा सरपटवायला वापरतो आणि त्या जागी तिने किडा कधी सरपटवून पाहिला नव्हता. नव्या काठीतून तेवढे बारीक कळत नाही, असे मी त्यांना सांगितले.

"मग पुढच्या खेपेला दोन्ही घेऊन जा," अण्णा म्हणाले.